खुंट्याचा तारा

८ फेब्रुवारी

शेवटचं विमान सकाळी गेलं. आता नोव्हेंबरपर्यंत इथून कोणी जाणार नाही आणि इथे कोणी येणार नाही. दक्षिण ध्रुवाकडच्या या स्थानकात उरलो तेरा जण: सात इटालियन, सहा फ्रेंच. बाकीचे सगळे बर्फाच्या धावपट्टीवर विमान दिसेनासं होईपर्यंत हात हलवत उभे होते. मी पाच मिनिटांत आत आलो. उणे एकेचाळीस.

वही लिहिण्याची मला सवय नाही. माझ्या प्राध्यापक ओत्ताविया बाईंनी सांगितलं म्हणून लिहितोय. "इलारियो, रोजच्या मोजमापाशेजारी स्वतःबद्दलही दोन ओळी लिहीत जा. तिथल्या हिवाळ्यात बघणारा माणूससुद्धा एक उपकरणच असतो." बाई पादोव्ह्यात बसून वीस वर्षं ही दुर्बीण चालवतायत. दुर्बीण चाळीस सेंटिमीटरची, म्हणजे मोठ्या दुर्बिणींच्या पंगतीत लोणच्याच्या वाटीएवढी. पण मे ते ऑगस्ट इथे सूर्य उगवत नाही. एकाच ताऱ्याकडे तीन महिने डोळा न हलवता बघता येतं. ते भल्याभल्या दुर्बिणींना जमत नाही, कारण त्यांच्याकडे रोज सकाळ होते.

वीस जुलैला समिती बसणार आहे. दुर्बीण ठेवायची की उन्हाळ्यात खोलून परत न्यायची, ते त्या दिवशी ठरेल. बाई या वर्षाअखेरीला निवृत्त होतायत. "मला एक नवा रूपविकारी तारा दे," म्हणाल्या. "ज्याचा उजेड कमीजास्त होतो हे याआधी कोणालाच माहीत नाही असा. एकच दे, पण स्वच्छ दे."

देईन.

२३ फेब्रुवारी

दुर्बिणीची काच पुसायला मला एक मदतनीस मिळालाय. ग्वेनाएल. स्थानकाचा वीजवाला, ब्रेतान्यचा, कोळ्याच्या घरातला. इथला त्याचा हा दुसरा हिवाळा. गेल्या खेपेच्या निरीक्षकाबरोबर काम केलंय, त्यामुळे आलेखबिलेख त्याला वाचता येतात. बोलतो कमी, शीळ फार घालतो.

दुर्बीण स्थानकापासून पाचशे पावलांवर आहे. दोरीला धरून जायचं, निघताना आणि पोचल्यावर रेडिओवर कळवायचं. काचेवर हिमाची साय धरते, ती मऊ ब्रशने काढायची. त्या वेळी श्वास रोखून धरायचा, नाहीतर काढलं त्याच्या दुप्पट बसतं. एक दिवस मी, एक दिवस तो, असं ठरलं.

"माझ्यासारखंच पूस," मी त्याला सांगितलं. "वरून खाली. उगाच गोल गोल नको."

"हो मुख्याध्यापक," तो म्हणाला.

१४ एप्रिल

रात्री आता चांगल्या लांब आहेत. गेले दोन आठवडे मोजमाप चाललंय. आज खुंटा ठरवला.

हा आमचा बाईंच्या वर्गातला शब्द. ताऱ्याचा उजेड नुसता मोजून चालत नाही. हवा, हिम, काच, सगळं त्यात मिसळतं. म्हणून शेजारचा एक शांत तारा घ्यायचा, आणि बाकीचे त्याच्यापेक्षा किती कमी, किती जास्त, तेवढंच बघायचं. तो खुंटा. सगळ्यांचे दोर त्याला बांधायचे. गेल्या खेपेच्या निरीक्षकाने पाच खुंट्यांची सरासरी घेतली होती. ती मला पटत नाही. पाचांत एक खराब निघाला की सरासरी नासते. त्यापेक्षा एकच घ्यावा आणि चोख घ्यावा. आमच्या यादीतला बावन्न नंबर मी रोज संध्याकाळपासून पहाटेपर्यंत तपासला. रेषेसारखा सरळ आहे.

एफिसिओने, म्हणजे आमच्या आचाऱ्याने, शेवटची ताजी संत्री वाटली. हा सार्दिनियाचा. संत्र्याची फोड देतानाही भाषण करतो.

२९ एप्रिल

भाऊ एलिओचा फोन. बाबा काल रात्री झोपेत गेले. नोव्हेंबरपर्यंत विमान नाही, त्यामुळे जाण्याचा प्रश्न येत नाही. कामावर परिणाम होऊ द्यायचा नाही.

काच पुसायची माझी पाळी होती, पुसली. उणे एकोणसत्तर. खुंटा स्थिर.

६ मे

परवा सूर्य शेवटचा दिसला. सगळे गच्चीवर जाऊन ओरडून आले. मी यादी नीट करत बसलो होतो.

अंधार सुरू झाला की इथली माणसं बिघडतात असं ऐकलं होतं, ते खरंच आहे. गेल्या आठवड्यापासून मी जेवणघरात शिरलो की बोलणं थांबतं. ग्वेनाएलची शीळ बंद झालीय. डॉक्टर सोलांज माझ्याशी बोलते ते दवाखान्यातल्या आवाजात. एक-दोघांचं समजू शकतो, पण सगळेच्या सगळे एकदम? माझ्याबद्दल म्हणाल तर आठ तास काम, सहा तास झोप, जसा होतो तसा आहे.

१२ मे

आज जेवायला बसलो तर पुढ्यात फ्रिको. बटाटा आणि चीज तव्यावर खरपूस करायचं, आमच्या डोंगरातला पदार्थ. एफिसिओ ताटली ठेवून तिथेच उभा.

"हे आज कसं काय?" मी विचारलं.

"केलं सहज. तुझ्याकडचं ना? चाखून बघ."

"चीज चुकीचं आहे. हे सहा महिन्यांचं आहे. याला दोन महिन्यांचं लागतं."

"अरे बाबा, इथे दोन महिन्यांचं चीज कुठून आणू? पेंग्विनला दुहू?"

कोणी हसलं नाही. मी खाल्लं नाही. डेअरीवाल्याच्या मुलाला कोणी चीज शिकवू नये. जेवणातही हल्ली मीठ कमी असतं. आचाऱ्याचं लक्ष उडालंय.

एलिओचे तीन मेल पडलेत. वेळ झाला की वाचीन.

२४ मे

काहीतरी आहे.

यादीतला एकशे चौदा नंबर आज सकाळी आठ वाजता उजळायला लागला आणि दुपारी एकच्या सुमारास परत खाली आला. पाच तास. मागे जाऊन बघितलं तर बावीस तारखेलाही तसंच, वीस तारखेलाही तसंच. दर दोन दिवसांनी, सकाळीच. एप्रिलमध्ये सकाळी ऊन असायचं, म्हणून दिसलं नसणार. आता दुपारीही उत्तरेला नुसता लालसर पट्टा असतो.

फार हुरळून गेलो नाही. दर दोन दिवसांनी म्हणजे ग्वेनाएलच्या पाळीच्या दिवशी. आणि पडताळ्यासाठी ठेवलेला सत्त्याऐंशी नंबर, तोही त्याच वेळी थोडा उजळलाय. सत्त्याऐंशी चित्राच्या अगदी कडेला आहे. काच कडेला नीट पुसली नाही की असं होणारच.

२६ मे

ग्वेनाएलला जेवणघरात गाठलं. नंतर वाटलं, एकट्यात बोलायला हवं होतं, पण बोलायचं ते बोललो.

"तू काच कशी पुसतोस?"

"तू सांगितलंस तशी. वरून खाली."

"मग तुझ्याच दिवशी मोजमाप का बिघडतं?"

"माझ्या दिवशी? मला काय माहीत? मी सकाळी नऊला जातो. बिघडतं कधी?"

"आठपासून."

"म्हणजे मी पोचायच्या आधीच बिघडायला लागतं?" त्याने काटा खाली ठेवला. "मग मी चांगलाच पोचलेला दिसतोय."

दोघंतिघं हसले. माझा तोल गेला. हा काही मासे पकडण्याचा धंदा नाही, इथे बोटाची घाण चालत नाही, असं म्हणालो. यापुढे काचेला हात लावायचा नाही, असंही म्हणालो.

तो उठला, ताटली धुतली, जागेवर ठेवली. "बरं," म्हणाला. "एकटा जाऊ नकोस फक्त. मी दोरीपाशी थांबत जाईन."

गरज नाही म्हटलं.

१ जून

रोज मीच काच पुसतोय. सत्त्याऐंशी यादीतून काढून टाकला. कडेच्या ताऱ्यावर भरवसा नाही. उणे चौऱ्याहत्तर.

५ जून

डाव्या हाताच्या करंगळीचं टोक पांढरं पडलं. डॉक्टरने बांधून दिलं आणि वर ऐकवलं, "रेडिओवर कळवलं नव्हतंस. कालही नाही, परवाही नाही."

कळवलं होतं. रेडिओच्या नोंदवहीत नाही म्हणते. नोंद ठेवणारे हल्ली झोपेत असतात, त्याला मी काय करू?

९ जून

चौदा दिवस काच फक्त मी पुसली. एकशे चौदा तरीही उजळतो. २८, ३०, १, ३, ५, ७, ९. दोन दिवसांना जेमतेम दोन मिनिटं कमी, घड्याळ लावून घ्यावं इतका नेमका. तेव्हा पुसण्याचा संबंध नाही. तारा खरा आहे.

पाच तास उजळून पूर्ववत होणारा, इतका नियमित तारा मी कुठे वाचलेला नाही. जगात दुसरीकडून तो दिसणंही अवघड, कारण जिथे त्या वेळी दिवस असतो, तिथे दोन दिवसांनीही दिवसच असणार. हा फक्त आमच्याच दुर्बिणीचा तारा आहे.

बाईंना सविस्तर पत्र पाठवलं.

१३ जून

बाईंचं उत्तर. अभिनंदन आहे, पण अर्ध्या ओळीचं. पुढे: "दर वेळी तेवढाच आणि तसाच? तारे इतके शिस्तीचे नसतात, शिस्त असते ती ग्रहणाला. खुंटा हलवून बळकट केलास का? दुसरा खुंटा लावून बघ. सत्त्याऐंशीचं काय झालं?"

वय झालं की माणसाला शंका फार येतात. उत्तर लिहिलं: खुंटा एप्रिलमध्ये दोन आठवडे तपासलेला आहे. सत्त्याऐंशी सदोष आहे. ग्वेनाएलच्या कामाचा आलेला अनुभवही लिहिला, दीड पान झालं. जुलैच्या सभेत हाच तारा मांडावा, असं सुचवलं.

२१ जून

मध्यहिवाळा. सगळ्या खंडावर आज सण असतो. इतर स्थानकांतून शुभेच्छांची चित्रं आली, एफिसिओने तीन दिवस राबून अकरा पदार्थ केले, फ्रेंच मंडळींनी नाटक बसवलं. मी सूप घेऊन उठलो, सकाळची नोंद बघायची होती.

तासाभराने एफिसिओ खोलीवर ताट घेऊन आला. कागदी मुकुट घातलेला.

"खा की रे दोन घास. सगळे विचारतायत."

"कोणी काही विचारत नाहीये. तुम्ही सगळे मला टाळता, ते मला दिसत नाही का?"

तो म्हणाला, "इलारियो, आम्ही टाळत नाही रे. आम्हाला घाबरायला होतं."

मला? मी कोणाला काय केलंय? मुकुट घातलेल्या माणसाशी काय वाद घालायचा म्हणून दार लावून घेतलं. ताट मात्र त्याने बाहेर ठेवलं होतं. खाल्लं.

२ जुलै

बाई तारा सभेत मांडायला तयार झाल्या. खूश वाटल्या नाहीत. "तुझ्या शब्दावर मांडते," एवढंच.

डॉक्टरने बोलावून घेतलं होतं. दर आठवड्याला आम्ही तिचा कागद भरतो: झोप, भूक, चिडचिड, सोबत्यांचं वागणं. तिने माझे शेवटचे नऊ कागद एका ओळीत मांडले.

"स्वतःसमोर तू नऊही वेळा 'काही बदल नाही' लिहिलंयस."

"नाहीच आहे."

"आणि बाकी बाराही जण मेपासून बिघडलेत."

"ते मी कशाला खोटं लिहू?"

तिने कागद परत एकावर एक ठेवले. "वडिलांबद्दल बोलायचंय का?"

मी म्हटलं, वडील एप्रिलमध्ये गेले, त्यात बोलण्यासारखं काय आहे, मला सकाळची नोंद बघायचीय. पालथ्या घड्यावर पाणी, असं काहीतरी ती फ्रेंचमध्ये पुटपुटली असावी.

९ जुलै

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

सभेसाठी आलेख छापून घेतला होता. स्वच्छ आलाय: सरळ रेषा, मग एक सुबक टेकाड, परत सरळ रेषा. सूप यायच्या आधी टेबलावर पसरून बघत बसलो होतो. समोरच्या खुर्चीवर ग्वेनाएल येऊन बसला. दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. सहा आठवड्यांत आमचं धड बोलणं नव्हतं. त्याने आपल्या बाजूने कागदाकडे बघितलं.

"ग्रहण सुरेख आलंय," म्हणाला. "कोणाचं?"

"कसलं ग्रहण?"

"हे काय. तारा शांत आहे, मग दुसरा त्याच्यापुढे येतो, उजेड घटतो, खाली तळ, परत वर. गेल्या खेपेला असे चार मिळाले होते आम्हाला."

"तू उलट्या बाजूने बघतोयस, शहाण्या. माझ्याकडून बघ. ते वर गेलंय. तारा उजळतोय."

"असं होय," तो म्हणाला, आणि मान कलती करून बघितलं. टेबलावरचे हसले. मीही हसलो, तोंडदेखलं.

ग्वेनाएल हसला नाही. त्याने बोट कागदावर फिरवलं, खूप सावकाश. "उलटं धरलं तर नुसतं ग्रहण आहे. कोणी तरी खाली जातंय, इलारियो. हा नसेल तर दुसरा कोणी."

एफिसिओ भांडं घेऊन आला आणि म्हणाला, कागद उचला, नाहीतर ताऱ्यांना सूप पाजतो. मी कागद उचलला आणि जेवायच्या आधीच खोलीवर आलो.

१० जुलै

आजवर ज्यांचे आलेख काढलेच नव्हते असे पाच वेगळे तारे घेतले आणि पाचही बावन्नला बांधून बघितले. पाचही उजळतात. त्याच सकाळी, आठ ते एक, तेवढेच. टाकून दिलेला सत्त्याऐंशीही काढला. तोही अगदी तेवढाच.

शंभर तारे एकदम उजळत नाहीत. तसं दिसत असेल तर खुंटा बुडतोय.

मग उलट केलं. बावन्नला त्या पाचांच्या सरासरीला बांधलं. बावन्न दर दोन दिवसांनी सहा टक्के खाली जातो, मधल्या दिवशी एक अगदी बारीक खाच. दोन तारे एकमेकांभोवती फिरतायत आणि आळीपाळीने एकमेकांना झाकतायत. एप्रिलमध्ये मी त्याला फक्त रात्री तपासला आणि तो बुडायचा सकाळी, उन्हात. ज्या पाचांच्या सरासरीला मी नावं ठेवली, तिने हे मे महिन्यातच सांगितलं असतं.

एकशे चौदा अत्यंत साधा तारा आहे. त्याचं कधीच काही झालेलं नाही.

चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली. आणि नुसती ताऱ्यांच्या यादीत नाही. संध्याकाळी ही वही पहिल्या पानापासून वाचली. बारा माणसं एकाच आठवड्यात बिघडली, असं मी स्वतःच्या हाताने, तारखेसकट लिहून ठेवलंय. मीठ कमी झालं, शीळ बंद झाली, बोलणं थांबलं. सगळं २९ एप्रिलनंतर. त्या तारखेला मी बाहेरचं तापमान लिहिलंय आणि बाबांबद्दल एक ओळ.

मला लाज वाटली. खूप.

११ जुलै

बाईंना पत्र गेलं. चार ओळी. "माझा दावा चुकला. एकशे चौदा स्थिर आहे, बदलतो तो खुंटा. दुसरा खुंटा लावून बघ असं तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ग्वेनाएलबद्दल लिहिलेलं सगळं मागे घेतो. चूक त्यानेच पकडली." सोबत नवी गणितं. सभेला नऊ दिवस उरलेत आणि मी बाईंच्या हातातला तारा काढून घेतलाय. दुर्बीण गेली तर ती माझ्यामुळे जाईल.

पत्र गेल्यावर वीजघरात गेलो. ग्वेनाएल जनित्राखाली आडवा पडला होता, फक्त बूट दिसत होते. बुटांशी बोलणं सोपं गेलं.

"तू बरोबर होतास. खुंटाच बुडत होता."

"हं."

"तुझी काच नीट होती. पहिल्यापासून."

"ते मला माहीत होतं," बूट म्हणाले.

"माशांवरून बोललो ते... माफ कर."

तो सरकत बाहेर आला, हात पुसले. "मासे मलाही आवडत नाहीत. पण माझ्या बापाला तू बोललास असं मला वाटलं, म्हणून लागलं." मग म्हणाला, "उद्या पाळी कोणाची?"

"तुझी."

"वरून खाली?"

"तुला हवी तशी."

"दोघं जाऊ. तुझ्या करंगळीचं काही खरं नाही."

१२ जुलै

दोघं गेलो. निघताना रेडिओवर मी कळवलं. पलीकडून डॉक्टरच होती. म्हणाली, "ऐकलं, इलारियो. लिहून ठेवते."

ग्वेनाएलने जाताना सहज सांगितलं की मी एकटा जायचो तेवढे दिवस तो रोज दोरीच्या टोकाशी उभा असायचा, माझा दिवा परत येताना दिसेपर्यंत. उणे चौऱ्याहत्तरात. मला कधी दिसला नाही. वळून बघितलंच नव्हतं.

जेवताना एफिसिओला विचारलं, मीठ कधीपासून कमी करतोयस. "फेब्रुवारीपासून तेच माप, तोच चमचा," तो म्हणाला, "हा बघ." चमचा खरंच आणून दाखवला.

१६ जुलै

बाईंचं उत्तर आलं.

"बावन्नची गणितं मी दोनदा केली. बरोबर आहेत. दोन दिवसांचं ग्रहण, एकाच जागेवरून बघणाऱ्याला बहुतेक कधी न दिसणारं. सभेत तोच मांडते. तुझी दोन्ही पत्रं जोडणार आहे, चुकलेलं आणि दुरुस्तीचं. त्यावरून दोघंतिघं टोमणे मारतील, ते मी ऐकून घेईन, वीस वर्षं ऐकतेय.

"आता माझं ऐक. जूनमध्ये तुझं दीड पान वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की हा माझा इलारियो लिहीत नाहीये. तेव्हाच फोन करायला हवा होता, मी ताऱ्याच्या लोभापायी केला नाही. ते माझं चुकलं. घरी फोन कर."

२० जुलै

दिवसभर काही कळलं नाही. एफिसिओबरोबर पत्ते खेळलो. सगळे डाव हरलो, त्याला फार आनंद झाला.

२१ जुलै

दुर्बीण राहिली. आणखी तीन हिवाळे. बाईंनी एका ओळीत कळवलं. जेवणघरात वाचून दाखवली तर टेबलं बडवली लोकांनी. ग्वेनाएलने शीळ घातली.

हे सांगायला म्हणून एलिओला फोन लावला. फोनच्या खोलीत प्रत्येकाला वीस मिनिटं मिळतात. दुर्बीण, समिती, बावन्न नंबर, सगळं सांगून झालं तेव्हा सात मिनिटं गेली होती. एलिओ "छान झालं" म्हणाला. मग फोनवर नुसता वारा असल्यासारखा आवाज.

मी विचारलं, "दफनाच्या दिवशी काय काय झालं?"

"आत्ता विचारलंस होय," एलिओ म्हणाला. रागाने नाही. "तीन मेल लिहिले तुला."

"वाचले नाहीत. तू सांग."

त्याने सांगितलं. पाऊस होता. डेअरीवाले सगळे आले होते, सकाळचं दूध काढून, त्याच कपड्यांत. घंटा वाजवणारा म्हातारा चढताना दमला म्हणून घंटा उशिरा झाली. चर्चपासून वरच्या दफनभूमीपर्यंत चढ आहे, गाडी जात नाही, पेटी खांद्यावरूनच न्यावी लागते.

"माझ्या जागी खांदा कोणी दिला?" मी विचारलं.

"कोणीच नाही. तीन कोपरे आम्ही घरच्यांनी धरले. गावातले चार जण पुढे आले होते, मी नको म्हटलं. तो कोपरा इलारियोचा आहे म्हटलं."

"तिघांनी? त्या चढावर?"

"जड नव्हते रे बाबा. शेवटी शेवटी फार हलके झाले होते."

तोंडावर हात धरला तरी आवाज बाहेर येत होता. एलिओने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. खोलीच्या काचेपलीकडे ग्वेनाएल उभा होता, माझ्यानंतर त्याचा नंबर होता. वीस मिनिटं संपत आली तेव्हा त्याने दार थोडं उघडलं, आत बघितलं, आणि म्हणाला, "माझीही वीस मिनिटं घे."

घेतली. एलिओला म्हटलं, परत पहिल्यापासून सांग.